उजव्या पायातलं अँकलेट

कबड्डी खेळणाऱ्या आम्हा मुलींचा एक रिवाज होता. डावा घोटा दुखत असला की अँकलेट, म्हणजे घोट्याला आधार देणारा ताणाचा पट्टा, उजव्या पायात घालायचं. समोरचा संघ अँकलेट बघतो, तोच पाय अधू समजतो आणि पकड करायला त्याच्यावरच झेपावतो. दुखरा पाय मोकळा राहतो. हे कोणी शोधून काढलं कोण जाणे. मी खेळायला लागले तेव्हा मोठ्या मुली असंच करायच्या, म्हणून मीही करू लागले आणि वर्षानुवर्षं करत राहिले.

या शहाणपणाने माझी कशी वाट लागली ते सांगायला बसले आहे. घोटा घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाने असं काहीतरी शहाणपण केलेलंच असतं. कोणी दोन अँकलेट एकावर एक चढवतं, कोणी सामन्याआधी गोळी घेतं, कोणी मला काही होतच नाही म्हणून हसत सुटतं. आमच्या फिजिओथेरपीच्या लोबो मॅडम म्हणाल्या की तू इथे येणाऱ्यांशी इतकं बोलत बसतेस त्यापेक्षा एकदाचं लिहून काढ, माझी कामं तरी होतील. म्हणून हे लिहिते. हाडांची नावं यात नाहीत, ती मला अजूनही पाठ झालेली नाहीत.

मी वंदना. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची वस्ती आहे, तिथे नवरा आणि सासूबाईंबरोबर राहते. मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. बाकी वेळ मी चढाई करते, म्हणजे कबड्डीत दम घेऊन समोरच्यांच्या अंगणात घुसणारी जी असते ती.

*

पाय पहिल्यांदा मुरगळला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. सरावाच्या मैदानात एका खड्ड्यात गेला आणि टम्म सुजला. आईने आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप घातला, सूज उतरली, मी पुन्हा मैदानात. त्यानंतर तो मुरगळतच राहिला. दर वेळी लेप, दर वेळी थोडे दिवस लंगडणं, आणि सूज उतरली की झालो आपण बरे, असं मी धरून चालायचे.

हळूहळू त्याला खड्ड्याचीही गरज उरली नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये ताट घेऊन चालताना सपाट लादीवर घोटा बाहेरच्या बाजूला कलंडला आणि माझी आमटी सुपरवायझर बाईंच्या साडीवर गेली. सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण आतून मी चांगलीच चरकले होते. दुखण्याला मी भीत नाही, कबड्डीत ते रोजचंच. पुढचं पाऊल टाकल्यावर पाय माझं ऐकेल की नाही हे मला कळेनासं झालं होतं, त्याची मला भीती वाटत होती.

मग अंधेरीचा सामना झाला. तिथल्या संघात मंदा नावाची मुलगी कोपऱ्यात खेळायची. तिच्या हातात घोटा सापडला की सुटणं नाही, असा तिचा दबदबा. माझं अँकलेट नेहमीप्रमाणे उजव्या पायात. मी आत शिरले, गडी टिपायला डावा पाय लांबवला, आणि मंदाने अँकलेटकडे ढुंकूनही न बघता डावाच घोटा धरला. आत काहीतरी कट् करून वाजलं. माझा दम तोंडातल्या तोंडात तुटला आणि मी धुळीत बसून राहिले. आमचे प्रशिक्षक मयेकर सर मला उचलायला आले तेव्हा मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पुढचा सामना मी खेळणार आहे.

*

या वेळी लेपाने सूज गेली, पण चालताना पाय रोज कुठे ना कुठे दगा देऊ लागला. माझा नवरा सुरेश एका कारखान्यात फिटर आहे. त्याने हाफ डे टाकला आणि मला महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. हाडांच्या ओपीडीत ही गर्दी. आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी खाली बघितलं, अँकलेट दिसलं, आणि त्यांनी कागदावर उजव्या घोट्याचा एक्स-रे लिहून दिला. मी सकाळी चप्पल घालावी तसं सवयीने ते अँकलेट चढवून आले होते. एक्स-रेवाल्याला मी सांगून बघितलं की पाय डावा आहे. तो म्हणाला, कागदावर जे लिहिलंय तेच निघणार. त्याने उजव्या पायाचा फोटो काढला.

डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि खूश होऊन म्हणाले की हाड एकदम मस्त आहे, जा, खेळा. सुरेश हात जोडून उठलासुद्धा. मला बोलणं भागच होतं.

"डॉक्टर, दुखतो तो पाय हा नाही. डावा दुखतो."

"मग हे अँकलेट कशाला?"

"ते फसवायला."

"कोणाला?"

"समोरच्या संघाला."

त्यांनी चष्मा काढला. "आणि मी कुठल्या संघात आहे?"

मागे रांगेतली माणसं हसायला लागली. सुरेश माझ्याकडे असा बघत होता की जणू त्यालाही हे आजच कळतंय. खरं म्हणजे त्यालाही आजच कळत होतं. घरात मी कधी पायाचं रडगाणं गायलं नव्हतं, लेपही तो कारखान्यात गेल्यावर घालायचे, आणि त्याने अँकलेट बघूनच समजून घेतलं होतं.

डाव्या पायाचंही हाड शाबूत निघालं. मग डॉक्टरांनी माझी नडगी एका हाताने दाबून धरली, दुसऱ्या हाताने टाच पकडली आणि पाऊल पुढे ओढलं. ते सरकलं. घट्ट बसवलेला ड्रॉवर सैल झाल्यावर सरकतो तसं.  डॉक्टर म्हणाले की बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणून ताणून सैल पडली आहेत. काही महिने व्यायाम करून बघा, तोवर मैदान बंद. नाही जमलं तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही खेळता येईल असं मी लिहून देणार नाही. घरात, बाजारात चालण्यापुरता मात्र हा पाय आयुष्यभर पुरेल.

सुरेशने यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

*

परत येताना तो सांगत राहिला की लग्नाला दोन वर्षं झाली, आता नाहीतरी खेळ सुटायचाच होता, देवानेच सुचवलं समज. तो वाईट माणूस नाही. मी खेळते हे बघूनच त्याने होकार दिला होता. पण त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि मला त्याचा इतका राग आला की मी रस्त्यातच थांबले. मी म्हटलं, चालण्यापुरता पाय मला नको. मला चढाई करता येईल असा पाय हवा. तो मिळतो की नाही ते मी बघणार, आणि नाही मिळाला तर मीच सोडेन, तू सांगतोस म्हणून सोडणार नाही.  आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो.

*

फिजिओथेरपीचा विभाग तळमजल्यावर होता. तिथे शेक द्यायच्या वितळलेल्या मेणाचा वास भरलेला असायचा, आणि मोठ्या खिडकीत कोणीतरी तुळस लावलेली होती. कंपनीत मी सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारी तिथे जायला लागले.

लोबो मॅडम मूळच्या वसईच्या. बारीक, उंच, बोलायला एकदम रोखठोक. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. त्या माझ्याभोवती फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "डावा ना?"

मी विचारलं की कसं कळलं, कागद तर अजून दिलाच नाही.

"तू सगळी उजव्यावर उभी आहेस, बाई. खेळतानाही डावाच पाय पुढे टाकत असणार, कारण त्याच्यावर उभं राहायची तुला भीती. मला एका मिनिटात दिसलं, तर तुझ्या पायावर टपून बसलेल्या त्या पोरींना दिसत नसेल?"

 मंदाने अँकलेटकडे का बघितलं नाही ते मला तिथे कळलं. इतकी वर्षं मी ज्यांना फसवत होते त्या सगळ्या मला ओळखून होत्या, आणि फसले होते ते डॉक्टर, नवरा आणि मी. इतकं खजील मला कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी ते अँकलेट काढायला लावलं आणि खिडकीत तुळशीशेजारी ठेवून दिलं. म्हणाल्या, हे इथेच राहू दे, मी देईन तेव्हा ने.

त्यांनी समजावलं ते असं. पाय नुसता सैल झालेला नाही, तो बहिरा झालाय. जमीन कलली की पायाने ते लगेच ऐकायला हवं आणि घोटा आवळायला हवा. तुझा पाय ते उशिरा ऐकतो, तोवर तू पडलेली असतेस. लिगामेंट मी घट्ट करू शकत नाही, पण पायाला ऐकायला शिकवू शकते. त्याला वेळ लागतो आणि ते फार कंटाळवाणं असतं.

ते खरंच भयंकर कंटाळवाणं होतं. टाचा उचलायच्या, हळू खाली टेकायच्या. सायकलच्या ट्यूबमध्ये पाऊल अडकवून बाहेर ओढायचं. एका पायावर उभं राहायचं, मग तेच डोळे मिटून. डोळे मिटले की माझा डावा पाय थरथरायचा आणि मी भिंत पकडायचे. राज्य पातळीवर खेळलेली मी बाई, आणि एका पायावर उभं राहता येईना. दोनदा मी तिथल्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

माझ्याच वेळेला साळवे नावाचे एक गृहस्थ यायचे. बस कंडक्टर. चालत्या बसमधून उतरताना त्यांचा घोटा गेला होता, आणि हलत्या बसमध्ये एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात पैसे घेऊन उभं राहायचं म्हणजे पायावरच सगळी मदार. त्यांना डेपोत बसून करायचं काम देऊ केलं होतं. ते म्हणायचे, बसून राहिलो तर घरी बायको म्हणेल भाजी निवड. गाडीवर परत जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या खोलीत माझ्यासारखं दुसरं कोणीतरी आहे, एवढ्यानेच मला बरं वाटायचं.

साळवे भिंतीवरच्या घड्याळात बघून उभे राहायचे आणि काटा हलतच नाही म्हणून वैतागायचे. मलाही घड्याळ बघितलं की पाय जास्तच थरथरतोय असं वाटायचं. एक दिवस मी डोळे मिटले आणि सवयीने दम घेतला. कबड्डी कबड्डी कबड्डी, हळू आवाजात, एका श्वासात. दम सुरू असताना माणूस पडत नसतो, निदान मी तरी पडत नसे. दम संपला तेव्हा माझा पाय जमिनीवरच होता, आणि लोबो मॅडम हातातलं काम टाकून बघत होत्या.

"हेच कर," त्या म्हणाल्या. "घड्याळ सोड. एक दम, एक पाय."

मग तेच माझं माप झालं. साळव्यांनीही ते उचललं. त्यांचा दम फार आखूड, अर्ध्यावरच खोकला यायचा. पण पन्नाशीचा कंडक्टर डोळे मिटून एका पायावर कबड्डी कबड्डी म्हणतोय हे बघून मेणाच्या शेकाला बसलेल्या आज्यासुद्धा हसायच्या. आम्ही दोघं पैजा लावायचो. मी जिंकायचे तेव्हा ते म्हणायचे की तुझ्या खेळात तिकिटं फाडावी लागत नाहीत.

*

दिवाळीच्या आसपास पाय इतका बरा वाटायला लागला की मला माज आला. आमच्याकडे पाणी उताराखालच्या नळावरून भरावं लागतं. माझा पाय गेल्यापासून ते सासूबाई भरत होत्या आणि मला ते डाचत होतं. एका सकाळी त्या उठायच्या आत मी कळशी घेऊन गेले. येताना ओल्या पायरीवर डावा घोटा कलंडला. कळशी गडगडत खाली गेली, आणि मी तिच्यामागे दोन पायऱ्या.

पुन्हा सूज, पुन्हा लेप. सुरेश पहिल्यांदाच ओरडला. म्हणाला, बास झालं आता, आई पाणी भरते, तू दुपारभर दवाखान्यात, आणि शेवटी हे. त्या वेळी मलाही तो बरोबर वाटत होता. मी मनातल्या मनात खेळ सोडून दिला होता. पायावर हळदीचा लेप, डोळे भिंतीकडे, आणि मयेकर सरांना कसं सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती.

सासूबाई लेप घालत होत्या. मालवणकडच्या, कमी बोलणाऱ्या. माझा एकही सामना त्यांनी बघितलेला नव्हता. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "रडतंस कित्याक? पाय तुझो आसा. खेळाचा काय ता तू ठरव, ह्येणी नाय. पाणी मी हाडतंय."

सुरेश उठून बाहेर गेला. एवढंच झालं, पण मी त्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले, आणि त्यांनी हळदीचे हात माझ्या केसांना लागू नयेत म्हणून लांब धरले होते.

चार दिवसांनी सुरेश कारखान्यातून एक गोल फळी घेऊन आला. खालून मधोमध लाकडाचा अर्धा गोळा बसवलेला. वर उभं राहिलं की ती चारी बाजूंना डुगडुगते. तशीच मॅडमकडे होती. त्याने ती कधी येऊन बघितली होती ते मला माहीत नाही. त्याने ती मोरीजवळ ठेवली आणि दाराच्या चौकटीत खिळा ठोकून सायकलची ट्यूब बांधून दिली. मी त्याला विचारलं की हे काय. तो म्हणाला, खिळा जरा वर झाला का बघ. त्या दिवशी आमचं भांडण मिटलं.

*

मॅडमनी पुन्हा मागे जाऊन सुरुवात केली, आणि सूज उतरल्यावरही मला घाई करू दिली नाही. फळीवर उभं राहून मी भाजी निवडली, तांदूळ निवडले, केस विंचरले. मग मॅडम समोरून चेंडू टाकायला लागल्या. मग खांद्याला धक्के. मग त्यांनी मला डाव्या पायावर उभं केलं आणि उजवा पाय पुढे लांबवायला सांगितलं, गडी टिपतात तसा.

मी तो जेमतेम वीतभर लांबवला. इतकी वर्षं मी हे केलंच नव्हतं. माझा अर्धा खेळ मी कधीच सोडून दिलेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी हावही सुटली. म्हणजे पाय बरा झाला तर मी आधीपेक्षा जास्त खेळेन. त्या दिवसापासून मी मॅडमना कंटाळा आला म्हणून सांगितलं नाही.

साळवे माझ्या आधी सुटले. ते गाडीवर परत गेले आणि एकदा घाटकोपर स्टेशनबाहेर मला दिसले. गर्दीच्या बसमध्ये कशाला न धरता उभे होते. मला बघून त्यांनी तोंडातल्या तोंडात कबड्डी कबड्डी करून दाखवलं.

उन्हाळ्यात मॅडमनी खिडकीतलं अँकलेट काढून झटकलं आणि माझ्या हातात दिलं. सामन्यात घालत जा, म्हणाल्या, आणि घालायचं कुठे ते सांगायला लागू नये.

*

पहिला सामना मुलुंडला होता, आणि समोर नेमकं अंधेरीचं मंडळ. मयेकर सरांनी विचारलं की बसतेस का आज. मी नाही म्हटलं. सुरेश सासूबाईंना घेऊन आला होता. त्या मैदानाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.  पाय पुन्हा गेला तर ही शेवटची चढाई, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

अँकलेट मी डाव्या पायात घातलं. सगळ्यांसमोर, खाली बसून, नीट.

मी आत गेले. मंदा कोपऱ्यात वाकून उभी होती. तिची नजर माझ्या डाव्या घोट्यावर गेली, तिथून उजव्यावर आली आणि तिथेच थांबली. तिचा हिशोब मला दिसत होता. आमच्या रिवाजाने डाव्यात अँकलेट म्हणजे आता उजवा कामातून गेला.

मी डाव्यावर वजन घेतलं आणि उजवा पाय तिच्याकडे लांबवला.

तिने झडप घातली. उजवा घोटा तिच्या दोन्ही हातांत, शेजारची मुलगी माझ्या कमरेकडे धावलेली, आणि मी सगळीच्या सगळी डाव्या पायावर. पाय कलला. मला तो कलताना कळला, आणि मी काही करायच्या आत तो आवळला. मी दम सोडला नाही. कबड्डी कबड्डी. तिने ओढलं, मी उभी राहिले. शेजारचीचा हात पोहोचायच्या आत मी डाव्या पायाने एक उडी मारली, मग दुसरी, मंदा मागे फरफटत, आणि मी स्वतःला मध्यरेषेवर झोकून दिलं. हात रेषेच्या पलीकडे पडला तेव्हा तोंडात थोडा दम शिल्लक होता.

शिट्टी वाजली. मंदा बाद. ती धुळीत बसूनच होती. श्वास घेत तिने माझ्या डाव्या पायाकडे बोट केलं.

"दुखरा डावाच होता ना गं? मग अँकलेट त्यातच कशाला घातलंस? असं कोण करतं?"

"दुखतो त्याच पायात घालायचं असतं, मंदे," मी म्हटलं, आणि हात देऊन तिला उठवलं.